तीनदा आलेला हात

त्या बुधवारी खमसीन सुटला होता. वाळवंटातली धूळ घेऊन ते वारं आमच्या गल्लीत शिरलं की दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात, आणि दिवे लावूनही उजेड पिवळाच राहतो. आईने खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबली होती. खालच्या ऊद नावाचं तंतुवाद्य बनवणाऱ्याने दुकानाचं दार ओढून घेतल्यामुळे सरसाचा वास रस्त्यावर न जाता जिन्याने वर आमच्याकडे येत होता.

मी शाळेतून आले तेव्हा दोरी बांधून झाली होती.

दोरीचं आधी सांगायला हवं. माझ्या आईला, इन्शिराहला, लिहिता-वाचता येत नव्हतं. मुहम्मद अली रस्त्यावर ज्या थोड्या जुन्या उस्ता उरल्या होत्या त्यांतली ती एक. उस्ता म्हणजे नाचणाऱ्या बायकांच्या ताफ्याची प्रमुख. लग्नाच्या सुपाऱ्या घेणारी, मुलींना तयार करणारी. नवा नाच बसवायचा असला की ती खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधायची आणि गाणं त्या दोरीवर टांगायची. ध्रुपद येईल तिथे लाल ओढणी. प्रत्येक कडव्याला काळी. मधल्या वाद्यांच्या तुकड्यांना लाकडी चिमटे. जिथे एकच वाद्य मनाला येईल तसं वाजतं, त्या तक्सीमच्या जागी काहीच नाही, नुसती दोरी. दाराकडून खिडकीकडे बघत गेलं की अख्खं गाणं दिसायचं.

मग त्या गाण्यावर ती तीनदा मोकळी नाचायची. ठरवलेलं काही नाही, मोजलेलं काही नाही. आरशावर चादर टाकलेली असायची, कारण आरसा बघून नाचणारी बाई आरशाला आवडेल तेवढंच नाचते असं तिचं म्हणणं होतं. मी कोपऱ्यात वही घेऊन बसायचे. तिचा नियम साधा होता. एकदा झालं ते वाऱ्याने झालं, सोडून द्यायचं. दोनदा झालं ते सवयीने, तेही सोडायचं. तिन्ही वेळा गाण्याच्या त्याच जागी तेच झालं, तर ते गाण्यातच आहे. ते लिहून ठेवायचं. अशा तीनदा आलेल्या गोष्टी ती मागून एकमेकींना जोडायची, आणि नाच तयार व्हायचा. तक्सीमची जागा मात्र तशीच रिकामी ठेवायची. तिथे कुणी काही बसवायचं नाही.

तीनदा काय आलं हे बघणं माझं काम. मी बारा वर्षांची असल्यापासून ते करत होते, आणि त्या बुधवारी मी चौतीस वर्षांची होते. मुलींच्या शाळेत फ्रेंच शिकवत होते. शाळेत मी सांगून ठेवलं होतं की माझी आई शिवणकाम करते. इतक्या वर्षांच्या वह्या कपाटात होत्या, पण एकाही सहकारिणीने त्या पाहिल्या नव्हत्या.

"आलीस?" आई म्हणाली. "बूट बाहेर काढ. अर्धं वाळवंट पायांना लावून आणलं आहेस."

हाज फहीम आधीच खुर्चीवर बसले होते, मांडीवर ॲकॉर्डियन, डोक्याला रुमाल बांधलेला. तीस वर्षं तेच आईसाठी वाजवत होते. दरबुकावाल्याला धुळीने दमा उठला होता, त्यामुळे आज ठेका धरायला कुणी नव्हतं.

"पायाने धरतो," हाज म्हणाले. "माझा पाय त्याच्यापेक्षा तालात आहे."

"तुझा पाय हजला गेला तेव्हापासून फार शहाणा झालाय," आई म्हणाली. "काबाला सात फेऱ्या मारून आलास आणि अजून बायकांच्या कमरेकडे बघून वाजवतोस."

"मग ताल कुठे बघू, छताकडे?"

"छताकडे बघ. तिथे तुला क्षमा मिळेल."

"क्षमा मागायला मी तुझ्या घरी आलोच नसतो, उस्ता."

आई हसली. मग तिने खालचा जबडा एका हाताने दाबून धरला आणि म्हणाली, "हसवू नकोस रे. सकाळपासून दाढ ठणकतेय."

गाणं नवं होतं, हाज फहीमच्या मेव्हण्याने केलेलं. त्यावर अजून कुणी नाचलं नव्हतं. नाच आईसाठी नव्हताच. तो नवारासाठी होता. नवारा तंताहून आलेली वीस वर्षांची मुलगी, आईने दोन वर्षं घरच्यासारखी ठेवून शिकवलेली. दीड महिन्याने गिझाच्या एका मोठ्या हॉटेलात तिची परीक्षा होती. तिथे ती निवडली गेली तर लग्नांच्या मांडवांतून सुटणार होती. आईला तिच्यासाठी असं काही हवं होतं जे दुसऱ्या कुठल्याच मुलीकडे नसेल. त्या दिवशी नवारा तिच्या गावी गेली होती, आणि तेच बरं असं आई म्हणाली. "पोर समोर असली की ती नक्कल करते, आणि मग मला मीच दिसते."

गाण्याची बांधणी मी दोरीवरून वाचून घेतली. सुरुवातीला तक्सीम. मग ध्रुपद, पहिलं कडवं, ध्रुपद, दुसरं कडवं. तिसरं कडवं लांब होतं. ते पायरी-पायरीने चढत जात होतं, लय दुप्पट होत होती, आणि अगदी टोकाला गेल्यावर एकाएकी तुटून संथ ध्रुपदावर परत येत होतं.

"ही जागा वाईट आहे," तिसऱ्या काळ्या ओढणीकडे बोट करून आई म्हणाली. "धावत्या माणसाला कुणीतरी मागून कॉलरला धरावं तशी. बघू अंग काय म्हणतं."

पहिल्यांदा ती नाचली तेव्हा मी अठरा गोष्टी टिपल्या. एकसष्ट वर्षांची होती ती, जड झाली होती. पण कंबर अजून इतकी बारीक बोलायची की लिहिता लिहिता माझी पेन्सिल मागे पडायची. तिसऱ्या कडव्यात ती चढली. हाज फहीमचा पाय फरशीवर आपटत होता. गाणं तुटलं, ध्रुपद आलं, आणि आईचा डावा हात खांद्यापासून खाली आला. उतरवला असं म्हणता येणार नाही. ओल्या कपड्याचं वजन दोरीला पेलेनासं व्हावं तसा तो आला. तिने आमच्याकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि मग पुढे नाचली.

मी लिहिलं: तिसऱ्या कडव्यानंतर, डावा हात, पाठ.

दुसऱ्या वेळी बाकी बरंच बदललं. पहिल्या ध्रुपदात ती डावीकडे गेली होती, या वेळी जागेवरच राहिली. दुसऱ्या कडव्यातलं डोकं फिरवणं आलं नाही. पण तिसऱ्या कडव्यानंतर हात पुन्हा तसाच आला, त्याच जागी, आणि पाठही. या वेळी ती जास्त वेळ थांबली. हाज फहीमनी शेवटचा सूर लांबवला. भाता ओढून धरला आणि वाट बघत राहिले.

नाच संपल्यावर आई पलंगाच्या कडेला बसली. तिच्या कपाळावर घाम होता, आणि त्या घामावर धूळ बसून चेहरा राखेसारखा दिसत होता. मी तिला करकदे, जास्वंदीचं सरबत, दिलं. तिने पेला उजव्या हातात घेतला. डावा मांडीवर उताणा पडला होता.

"उद्या करू या का राहिलेलं?" हाज म्हणाले. "हवा नाहीये खोलीत."

"उद्या वारं थांबेल आणि तू कुणाच्या तरी लग्नाला पळशील."

"नाही पळणार. देवाशपथ."

"तू देवाशपथ म्हणालास की मला भीतीच वाटते, फहीम."

सहा वाजता आमचं वाचकमंडळ होतं. शहरात एका कॅफेत आम्ही पाच-सहा जणी महिन्यातून एकदा जमायचो, आणि त्या महिन्याच्या पुस्तकावर मी बोलणार होते. मी घड्याळ पाहिलं. साडेपाच व्हायला आले होते.

"दोनदा झालंय," मी म्हणाले. "एकदाच राहिलंय. उरकून टाक ना, आई. उद्या पुन्हा दोरी बांधा, पुन्हा पहिल्यापासून बघा, त्यापेक्षा."

आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या मुलीने हिशेबातली चूक दाखवावी आणि ती बरोबर असावी, तसं पाहिलं.

"खरंच," ती म्हणाली. "दोनदाचं काही कामाचं नाही." आणि उठली.

तिसऱ्या वेळी ती फार सुंदर नाचली. हे मी लिहायला नको, पण खरं आहे. जे तीनदा यायचं होतं ते सगळं सावकाश, आपापल्या जागी येत गेलं, जणू ती मला लिहायला वेळ देत होती. मग तिसरं कडवं, चढण, तुटणं. हात आला. ती भिंतीकडे वळली. तिची पाठ मला दिसत होती, झग्यावर मधोमध ओला डाग. हाज फहीम थांबले. मी मनात मात्रा मोजल्या: एक, दोन, तीन, चार. पाचव्या मात्रेला ती वळली आणि नाच पूर्ण केला.

"आलं?" तिने विचारलं.

"बारा गोष्टी."

"ती जागा?"

"तिन्ही वेळा. डावा हात, पाठ, चार मात्रा."

आई दोरीवरच्या तिसऱ्या काळ्या ओढणीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तीनदा आला ना? मग लिही. आणि तिथे काहीतरी टांग, नाहीतर विसरेन मी."

ओढण्या संपल्या होत्या. मी माझा पांढरा हातरुमाल पर्समधून काढला आणि तिथे चिमट्याने लावला. मग केस विंचरले आणि निघाले. जिन्यात असताना वरून तिचा आवाज आला, "नाकातोंडाला फडकं बांध गं!" मी "हो हो" म्हणाले. बांधलं नाही.

ते तिच्याशी माझं शेवटचं बोलणं: हो हो. रात्री आले तेव्हा ती झोपली होती, सकाळी मी लवकर गेले.

गुरुवारी वारं पडलं होतं. आकाश धुतल्यासारखं होतं. दुसऱ्या तासाला शाळेचा शिपाई वर्गाच्या दारात उभा राहिला आणि मला बाहेर बोलवायचं सोडून नुसता बघत राहिला, तेव्हा मी पुस्तक मिटलं. खालच्या ऊदवाल्याच्या बायकोला आई स्वयंपाकघरात सापडली होती, मुलुखियाच्या भाजीची पानं निवडून झाली होती, देठ एका बाजूला केलेले होते.

इस्पितळातला डॉक्टर माझ्यापेक्षा लहान असेल. त्याने फॉर्म पुढ्यात घेतला.

"काल काही त्रास होता का? छातीत, डाव्या हातात, जबड्यात? धाप?"

हाज फहीम माझ्या मागे भिंतीला टेकून उभे होते.

"नाही," मी म्हणाले. "काल ती नाचली."

डॉक्टरने क्षणभर पेन थांबवलं. मग "एकाएकी" असं काहीतरी लिहिलं आणि सही घेतली.

तीन दिवस घरात काळ्या कपड्यांतल्या बायका येत राहिल्या. बिनसाखरेची कॉफी, कुराण वाचणाऱ्याचा कॅसेटवरचा आवाज. ताफ्यातल्या बायका डोकी झाकून दाराजवळ बसल्या, शाळेतल्या शिक्षिका पलंगाकडच्या खुर्च्यांवर. माझी मुख्याध्यापिका दोरीकडे बघत म्हणाली, "शिवण फार सुंदर असणार त्यांची." मी मान हलवली. दोरी मी सोडली नव्हती. सोडायची कुणाची छाती झाली नाही.

चौथ्या दिवशी नवारा आली. रडून रडून तिचं नाक सुजलं होतं. तिने माझे दोन्ही हात धरले.

"मिस," ती म्हणाली. ती मला मिसच म्हणायची, थट्टेनेही आणि मानानेही. "वही देशील? त्यांनी माझ्यासाठी केलं, तेच मी नाचणार. दुसरं काही नाही नाचणार मी."

मी वही दिली. नाही म्हणायला जे सांगावं लागलं असतं ते मला सांगायचं नव्हतं.

मग आमच्या खोलीत सराव सुरू झाला. नवारा, तिच्यामागे ताफ्यातल्या चार मुली, आणि हाज फहीम खुर्चीवर. दरबुकावाला बरा होऊन आला होता. पहिले काही दिवस मी शाळेतून मुद्दाम उशिरा यायचे. ग्रंथालयात बसायचे आणि तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचे. एकदा लवकर सुटी झाली आणि मी घरी आले. दार उघडं होतं. तिसरं कडवं चढत होतं. गाणं तुटलं, आणि पाच मुलींचे पाच डावे हात एकदम खाली आले. पाच पाठी माझ्याकडे वळल्या. दरबुका थांबला, ॲकॉर्डियन थांबलं, आणि चार मात्रा खोलीत कुणी श्वासही घेतला नाही.

मी दाराची चौकट धरली. कुणालाच मी आल्याचं कळलं नव्हतं. पाठीमागचं कसं कळणार.

गल्लीत ते पसरायला वेळ लागला नाही. त्याला नावही पडलं: इन्शिराहचा हात. कोपऱ्यावरच्या कॅफेत म्हातारे वादक त्याबद्दल बोलायचे. इमादुद्दीन रस्त्यावरची एक जुनी नर्तकी खास बघायला आली, आणि डोळे पुसत म्हणाली की पन्नास वर्षांत असं थांबणं कुणी थांबलं नाही, हे मरण आधी बघितलेल्या बाईचं थांबणं आहे. मी तिला चहा दिला.

त्या काळात मी रात्री वही उघडून बसत नव्हते, ती नवाराकडे होती. पण मला ती पाठ होती. डावा हात, पाठ, चार मात्रा. माझं अक्षर स्वच्छ आहे, लहानपणापासून सगळ्या शिक्षिका त्याची स्तुती करतात.

आईचा चाळिसावा दिवस आला आणि गेला. त्या दिवशी हाज फहीम जायला निघाले तेव्हा मी त्यांना जिन्यात गाठलं. ते पायरीवर ॲकॉर्डियनची पेटी ठेवून दम घेत होते.

"त्या चार मात्रा तुम्ही का थांबलात?" मी विचारलं.

"ती थांबली म्हणून."

"एवढंच?"

ते पेटीच्या कडीशी चाळा करत राहिले. "तीस वर्षं मी तिच्या कमरेकडे बघून वाजवलं, सुहैर. तू ऐकलं आहेस ना, कशी चिडवायची मला. त्या जागी मी तिच्या पाठीकडे बघत होतो. पाठ नाचत नव्हती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मला वाटलं, तू विचारशील. तू शिकलेली. मी विचारलं असतं तर तिने मला वहाणेने हाकललं असतं."

"आणि दवाखान्यात?"

"दवाखान्यात तू नाही म्हणालीस," ते म्हणाले. "मुलगी नाही म्हणाल्यावर वाजवणाऱ्याने काय बोलायचं?"

ते खाली गेले. ऊदवाल्याच्या दुकानातून कुणीतरी नवी तार पिळून बघत होतं. सूर चढत होता, चढत होता, आणि मी ती तुटायची वाट बघत उभी राहिले. तुटली नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी नवारा एकटीच आली. बाकीच्या मुलींना तिने सुटी दिली होती; हाज फहीम आणि दरबुकावाला मागून येणार होते. तिने कॅसेट लावली. सरावाचीच, त्या चार मात्रांच्या शांततेसकट भरलेली.

"बघ ना जरा, मिस," ती म्हणाली. "वहीत आहे तसं होतंय का ते. तूच लिहिलंस, तूच सांगू शकतेस."

मी माझ्या कोपऱ्यात बसले. आरशावर चादर तशीच होती. दोरीवरच्या ओढण्यांवर धुळीचा थर होता, खमसीनचा, आईने झटकायचा राहिलेला. हातरुमाल पिवळट झाला होता.

नवारा नाचली. आईने शिकवलेलं सगळं तिच्यात होतं, आणि तरुण अंगाचं आणखी काही. तक्सीममध्ये ती जे नाचली ते तिचं स्वतःचं होतं, आणि चांगलं होतं. ध्रुपद, कडवं, ध्रुपद, कडवं. मग तिसरं. ती चढायला लागली तसा तिचा चेहरा बदलला. गाणं तुटलं. हात आला. खांद्यापासून, अगदी तसाच, मी कागदावर लिहू शकले नव्हते तेही त्यात होतं. ती भिंतीकडे वळली. झग्याच्या पाठीवर मधोमध घामाचा डाग होता.

एक, दोन, तीन, चार.

ती वळली नाही.

"नवारा," मी म्हणाले. कॅसेट पुढे चालली होती, ध्रुपद तिच्याशिवाय वाजत होतं.

ती वळली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. तिने येऊन टेपचं बटण दाबलं आणि फरशीवर बसली. डावा हात उजव्याने चोळत होती.

"इथे मला रोज असं होतं," ती म्हणाली. "हाताला मुंग्या येतात. काल रात्री झोपेतसुद्धा हात खाली आला, मिस, हसू नकोस. मुली म्हणतात उस्ता माझ्या अंगात येते."

"मी हसत नाहीये."

"मला सांग ना. उद्या त्या लोकांसमोर हीच जागा माझी आहे. सगळं हॉटेल विसरेल पण ही जागा विसरणार नाही असं हाज फहीम म्हणतात." तिने गुडघे जवळ घेतले. "पण मला कळत नाही तिथे मनात काय धरायचं. वाट बघायची? कुणी सोडून गेलं असं धरायचं? तू तिथे होतीस. तीनदा बघितलंस. उस्ता तेव्हा काय विचार करत होती?"

पूर्ण गल्लीने तो हात डोक्यावर घेतला होता. तो काढला तर उद्या त्या मुलीच्या हातात काय उरणार होतं, हे मी तिच्या आधी हिशेबात घेतलं होतं. चाळीस दिवस मी तेच पुढे करून गप्प बसले होते. नवाराचं नुकसान होईल. हे वाक्य मला फार उपयोगी पडलं होतं.

जिन्यात हाज फहीमची पावलं वाजली, पेटी पायरीला घासली. दारात आले, आमच्याकडे पाहिलं, आणि आत न येता तिथेच थांबले.

मी उठले. दोरीपाशी गेले आणि तिसऱ्या काळ्या ओढणीच्या पुढचा चिमटा काढला. हातरुमाल माझ्या हातात आला. चिमट्याच्या स्प्रिंगची त्याच्यावर गंजाची खूण होती. दोरीची ती जागा आता नुसती दोरी होती, तक्सीमसारखी.

"ते नाचातलं नाही," मी म्हणाले. माझा आवाज मला वर्गातल्यासारखा वाटला. मी पुन्हा सुरुवात केली. "नवारा, ते नाचातलं नाही. ती विचार करत नव्हती. तिला दुखत होतं. तीनदा चढली आणि तीनदा त्याच जागी दुखलं, म्हणून ते तीनदा आलं. दाढ म्हणत होती ती, दाढ नव्हती. घरात हृदयाचा असला त्रास कसा ओळखायचा, यावर एका डॉक्टरचा लेख मी वाचला होता. हातात येतं, जबड्यात येतं, असं त्यात होतं. दुसऱ्या वेळी तिचा हात मांडीवर पडलेला पाहिला आणि मला तो लेख आठवला. नंतर नाही. तेव्हाच, त्या पलंगापाशी. हाज म्हणाले उद्या करू. मला सहाला जायचं होतं. मी म्हणाले, एकदाच राहिलंय, उरकून टाक ना, आई. तिसऱ्यांदा मी नाचायला लावलं तिला. मला दिसत होतं, आणि मी मात्रा मोजल्या, आणि लिहून घेतलं."